लहानपणीची कुठली गोळी बंद झाल्यावर सगळ्यात जास्त आठवली?

माझ्यासाठी पार्लेची रोल-ए-कोला, दुसरं नावच सुचत नाही. तपकिरी रंगाच्या गोल गोळ्या, एकावर एक रचून कागदात गुंडाळलेल्या, आणि चव अगदी कोल्ड्रिंकची. आमच्याकडे कोल्ड्रिंक फक्त पाहुणे आले की यायचं, त्यामुळे आमचं कोल्ड्रिंक म्हणजे हीच गोळी. शाळेतून येताना कोपऱ्यावरच्या वाण्याकडे घ्यायचो, कागद हळूहळू सोलत एक मला एक बहिणीला असं करत घरी यायचो, आणि शेवटची उरली की फ्रॉकमध्ये धरून दाताने दोन तुकडे, म्हणजे उष्टी नाही होत!

2006 ला कंपनीने ती बंद केली. मग 2019 मध्ये ट्विटरवर कोणीतरी परत आणा म्हटलं, पार्लेने 10 हजार रिट्विट मागितले, लोकांनी ते पूर्ण केले आणि त्याच वर्षी गोळी परत बाजारात आली. मी बातमी वाचल्या वाचल्या बहिणीला फोन केला. खरं सांगते, तेरा वर्षांनी तोंडात टाकली तेव्हा डोळ्यात पाणी आलं. अर्धी तिच्यासाठी ठेवली होती.