ब्राह्मी रोज किती घ्यावी?

प्रश्न : माझी मुलगी १७ वर्षांची असून यंदा बारावी विज्ञानला आहे. वाचलेले लक्षात राहावे म्हणून महिनाभरापासून ती सकाळी उपाशीपोटी एक चमचा ब्राह्मीचूर्ण कोमट पाण्यातून घेते, दोन्ही जेवणांनंतर ब्राह्मीअर्काची ५०० मिलिग्रॅमची एकेक कॅप्सूल घेते आणि रात्री दोन झाकणे सारस्वतारिष्ट (ब्राह्मी असलेले पातळ औषध) घेते. आठ दिवसांपासून तिच्या पोटात मुरडा येतो, तीन-चार वेळा शौचाला जावे लागते आणि पुस्तक उघडले की पेंग येते. "झाडपाल्याचेच औषध आहे, अपाय कसला होणार?" असे शेजारी म्हणतात. ब्राह्मीचे सुरक्षित प्रमाण किती? सासूबाई ७२ वर्षांच्या असून अलीकडे विसरू लागल्या आहेत. त्यांना थायरॉइडची गोळी चालू आहे. त्यांना ब्राह्मी द्यावी का?
— एक वाचक, अशोक चौक, सोलापूर

उत्तर : ताई, तिन्ही औषधे आजच थांबवा. मुरडा, मळमळ आणि पातळ शौचास ही ब्राह्मीची नेहमी दिसणारी लक्षणे आहेत आणि उपाशीपोटी घेतल्यास ती अधिक जाणवतात. औषध थांबवल्यावर ती बहुधा काही दिवसांत शमतात. तशी शमली नाहीत तर डॉक्टरांना दाखवा. तोवर तिला मीठ-साखरेचे पाणी आणि ताक देत राहा, कारण सोलापूरच्या उन्हात जुलाबाने शरीरातले पाणी फार लवकर कमी होते.

आता प्रमाणाविषयी. आयुर्वेदाच्या औषधिकोशात ब्राह्मीच्या चूर्णाची मात्रा दिवसाला १ ते ३ ग्रॅम दिली आहे. प्रौढांवरील आधुनिक अभ्यासांत बहुधा दिवसाला ३०० मिलिग्रॅम प्रमाणित अर्क दिला गेला. हे आकडे एकाच वनस्पतीचे असले तरी अर्क आणि चूर्ण यांची तुलना वजनावरून करता येत नाही, आणि बहुतेक घरांत घोटाळा होतो तो इथेच. कॅप्सूलच्या डबीवर "१०:१" असे छापले असेल, तर ५०० मिलिग्रॅमची एक कॅप्सूल म्हणजे जवळजवळ ५ ग्रॅम वाळलेली वनस्पती. अशा दोन कॅप्सूलचे १० ग्रॅम झाले. त्यात सकाळचा चमचा मिळवा. आपल्या पोह्यांच्या चमच्यात शीग लावून घेतलेले चूर्ण सहज ३ ग्रॅमच्या पुढे जाते; खात्री करायची असल्यास सराफाच्या काट्यावर एकदा तोलून पाहा. म्हणजे डबीवर तसे छापले असल्यास, अरिष्ट बाजूला ठेवले तरी मुलीच्या पोटात रोज १३ ग्रॅमच्या आसपास ब्राह्मी जात होती, जी कमाल मात्रेच्या चौपटीहून अधिक आहे. शिवाय सारस्वतारिष्टात किण्वनाने तयार झालेला मद्यार्क असतो, त्यामुळे ते अल्पवयीन मुलीला स्वतःच्या मनाने देऊ नये.

वर दिलेली मात्रा प्रौढांची आहे. १७ वर्षांच्या मुलीची मात्रा तिचे वजन, पचन आणि चालू औषधे पाहून वैद्यांनी ठरवावी. पुन्हा सुरू करायचेच ठरले तर एकच प्रकार निवडावा आणि तो जेवणानंतर, शक्यतो दूध किंवा थोडे तूप यांच्यासोबत घ्यावा. ब्राह्मीचा परिणाम एका रात्रीत दिसत नाही. अभ्यासांमध्येही ती साधारण १२ आठवडे दिली गेली, आणि तिथेही स्मरणात दिसलेला फरक माफकच होता. लक्ष एकाग्र होण्याबाबतचे निष्कर्ष तर एकसारखे नाहीत. परीक्षा महिन्यावर आली असताना मात्रा वाढवून काहीही साधत नाही. अपुरी झोप हे पेंग येण्याचे अधिक सरळ कारण असू शकते, तेव्हा मुलगी रात्री किती वाजता झोपते हेही मला कळवा.

चूर्ण कोणाकडून घेता हेही महत्त्वाचे आहे. आपल्याकडे ब्राह्मी या एकाच नावाने दोन वेगळ्या वनस्पती विकल्या जातात. लहान, जाडसर, लांबट पानांची ती जलब्राह्मी. बेडकाच्या पावलासारखी गोल, एका बाजूला खाच असलेली पाने ती मंडूकपर्णी. चरकाने सांगितलेल्या चार मेध्य, म्हणजे बुद्धी आणि स्मृतीला हितकर, रसायनांत मंडूकपर्णीचा स्वरस आहे, म्हणून तीही निरुपयोगी नाही. पण वर दिलेले आकडे जलब्राह्मीचे आहेत. ही वनस्पती पाणथळ जागी वाढते आणि तिथल्या पाण्यातील जड धातू शोषून घेते, त्यामुळे तलावाकाठची किंवा नाल्याकाठची पाने खुडून कोणीही रस काढू नये. डबीवर परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि मुदतीची तारीख असल्याशिवाय चूर्ण घेऊ नका.

सासूबाईंना सध्या ब्राह्मी देऊ नका. उंदरांवरील एका प्रयोगात तिने थायरॉइडच्या संप्रेरकाची पातळी वाढल्याचे आढळले आहे. माणसांत तसेच होईल असे त्यावरून म्हणता येत नसले, तरी गोळी चालू असताना धोका पत्करण्याचे कारण नाही. दमा, पोटातील व्रण, नाडीची मंद गती किंवा झोपेच्या गोळ्या असलेल्यांनीही ती परस्पर घेऊ नये. वयाच्या ७२ व्या वर्षी नव्याने सुरू झालेला विसराळूपणा आधी तपासून घ्यावा लागतो. टीएसएच (थायरॉइडचे काम कसे चालले आहे ते दाखवणारी) आणि ब-१२ जीवनसत्त्व या रक्ताच्या तपासण्या करून घ्या, कारण या दोन्हींतल्या बिघाडामुळे येणारा विसर योग्य उपचाराने बरा होऊ शकतो. त्यांची गोळी रोज उपाशीपोटी, एकाच वेळी घेतली जाते का, हेही पाहा. वैद्यांकडे जाताना तिन्ही औषधांच्या डब्या आणि बाटल्या पिशवीत घालून सोबत न्या.