मॅन्युअल नीट लिहिलंय की टाकाऊ आहे, हे कसं ओळखायचं?

सोप्पंय, ज्याने ती वस्तू कधी जोडलेली नाही त्याच्या हातात मॅन्युअल द्या आणि स्वतः तोंड बंद ठेवून बघत बसा. कोथरूडला आमच्याकडे बुकशेल्फ आलं तेव्हा आईला बसवलं होतं, चौथ्या स्टेपला अडकली कारण चित्रात दोन्ही स्क्रू सेम दिसत होते, आणि "मागची फळी आधी सरकवून घ्या" हे सगळं फिट झाल्यावर सातव्या स्टेपला! परत सगळं खोला. सूचना कामाच्या आधी यायला पाहिजे राव, पुणेरी पाटीसारखी, बेलला हात लावायच्या आतच कळतं की १ ते ४ वाजवायची नाही.

दुसरं म्हणजे शब्द बघा. एकाच भागाला इथे झाकण, तिथे आवरण, पुढे कव्हर म्हटलं असेल तर माणूस तीन वस्तू शोधत बसतो, मराठी पानात तर हे हमखास. मॅन्युअल कसं लिहायचं यासाठी आंतरराष्ट्रीय स्टँडर्डपण आहे, आयईसी/आयईईई ८२०७९-१, २०१९ ची आवृत्ती.

आणि ट्रबलशूटिंगमध्ये "प्लग तपासा" आणि "सर्व्हिस सेंटरला फोन करा" एवढंच असेल तर ते पान रद्दीत.