हलवा पापलेटचा भाऊ नव्हे

या अंकासाठी आलेल्या पत्रांत मासे, माकडं आणि मुलीचं करिअर, सगळंच आहे. नव्या वाचकांसाठी एवढंच सांगते: माझी सगळी नोकरी उत्क्रांती-जनुकशास्त्रात झाली. सजीवांच्या डीएनएवरून त्यांची आपसांतली नाती काढायची आणि वंशवृक्ष मांडायचा, हे माझं काम. आता निवृत्त आहे, म्हणून पत्रांना उत्तरं द्यायला सवड आहे.

पापलेट महाग झालं की आमची आई हलवा आणते आणि "पापलेटचाच काळा भाऊ" म्हणून वाढते. इंग्रजीतही त्याला ब्लॅक पॉम्फ्रेटच म्हणतात. हे खरंच भाऊ आहेत का? — एक वाचक, माझगाव

नाहीत. आईंना सांगताना माझं नाव मात्र घेऊ नका.

फसायला होतं हे खरं. दोघांचंही अंग चपटं आणि उंच, आणि मोठे झाले की दोघांनाही पोटाखालचे पर नसतात. ब्लॉख नावाच्या जर्मन अभ्यासकानं 1795 मध्ये हलव्याला नाव दिलं ते 'स्ट्रोमॅटियस नायजर', म्हणजे थेट पापलेटच्या गोतावळ्यात बसवलं. पुढे तो तिथून उठला आणि कॅरँजिडी या कुळात गेला. त्याची खूण तुम्हालाही तपासता येईल. हलव्याच्या शेपटीच्या बुंध्यावर, बाजूच्या रेषेवरून बोट फिरवा. कडक, खरखरीत खवल्यांची ओळ लागते. पापलेटला ती नसते. मासा साफ करून घेण्याआधी बघा, नंतर काय बघणार?

डीएनए आल्यावर खरी मजा झाली. जपानच्या मासाकी मिया आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये सुरमई, बांगडा आणि कुपा यांच्या कुळाची नाती तपासली, तर त्याच फांदीवर पापलेटचं कुळ निघालं आणि वाकट्यांचंसुद्धा! रूपावरून कुणी असं म्हटलं असतं का? हलवा दुसऱ्याच फांदीवर आहे आणि तिथे त्याच्या सोबतीला लेपा आणि तलवार मासा आहेत. म्हणजे तुमच्या ताटात पापलेटला बांगडा जवळचा, हलवा लांबचा. चपटं अंग दोन्हीकडे वेगवेगळं घडलं. शरीराचा आकार हा आमच्या धंद्यातला सर्वांत गोड बोलणारा आणि सर्वांत कमी भरवशाचा साक्षीदार.

नमुने कसे घेतात, हेही तुम्ही विचारलं आहे. पहाटे ससून डॉकला, लिलाव चालू असताना जायचं. पराचा नखाएवढा तुकडा कापून 95 टक्के अल्कोहोलच्या कुपीत टाकायचा आणि आत चिठ्ठी घालायची, ती शिसपेन्सिलनं लिहिलेली. पेनाची शाई अल्कोहोलमध्ये उतरते आणि मग हाती निनावी मासे उरतात. मासा अख्खा विकत घ्यायचा, कारण फोटो काढून त्याचं अंगही जपून ठेवावं लागतं. उद्या कुणी शंका काढली तर डीएनए नेमका कोणाचा, हे दाखवायला मासा हवा. "पर कापलेला मासा आता कोण घेणार, बाई?" असं मासे विकणाऱ्या मावशींनी विचारलं की पैसे मोजण्यापलीकडे उत्तर नसतं.

त्या तुकड्यातून बहुधा सीओआय नावाच्या जनुकाचा सुमारे 650 अक्षरांचा भाग वाचतात (अक्षरं म्हणजे डीएनए ज्यांचा बनतो ते रासायनिक घटक). कॅनडाच्या पॉल हेबर्ट यांनी 2003 मध्ये त्याला प्राण्यांचा 'बारकोड' म्हणून पुढे आणलं. हा मासा कोण, एवढं त्यावरून छान कळतं. कोट्यवधी वर्षांपूर्वीचं नातं काढायला मात्र तेवढ्यानं भागत नाही, पुष्कळ जनुकं लागतात.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. एवढा डेटा आणि एवढे संगणक असताना वंशवृक्षावर अजून वाद का? आणि फांद्यांवर लिहिलेले '98', '100' हे आकडे म्हणजे खरेपणाची टक्केवारी का? — एक वाचक, मुलुंड

आधी आकार लक्षात घ्या. तीन जाती असतील तर मूळ असलेले, म्हणजे सगळ्यांचा सामायिक पूर्वज कुठे ते दाखवणारे, वंशवृक्ष तीन प्रकारे काढता येतात, चार असतील तर 15, पाच असतील तर 105. दहा जातींना 3,44,59,425. वीस जातींना हा आकडा 22 अंकी होतो. सगळी झाडं तपासून बघणं कोणत्याही यंत्राला शक्य नाही, म्हणून शोधायच्या युक्त्या कराव्या लागतात. सायतो आणि नेई यांची 1987 ची 'नेबर जॉइनिंग' ही त्यातली एक. ती झटपट झाड देते, आणि मी शिकत होते तेव्हा आमचा भार तिच्यावरच होता. जो फेल्सेनस्टाइन यांनी 1981 मध्ये दाखवलेली शक्यतेच्या गणिताची पद्धत जास्त भक्कम, पण तेव्हाच्या संगणकाला घाम फोडणारी. संध्याकाळी काम लावून घरी जायचं आणि सकाळी यायचं, तर रात्री वीज गेलेली.

आता तुमचे आकडे. ते बहुतेक वेळा 'बूटस्ट्रॅप'चे असतात. हीदेखील फेल्सेनस्टाइन यांचीच कल्पना, 1985 ची. सगळ्या जातींचे सिक्वेन्स, म्हणजे डीएनएच्या अक्षरांच्या ओळी, एकाखाली एक मांडले की उभे रकाने तयार होतात. त्या रकान्यांतून चिठ्ठ्या काढल्यासारखे रकाने उचलायचे, काही दोनदा येतील, काही येणारच नाहीत. त्यावर पुन्हा झाड काढायचं. असं हजारदा करून ती फांदी किती वेळा आली ते मोजायचं. म्हणजे 98 चा अर्थ, माझा डेटा या फांदीबद्दल स्वतःशी सुसंगत आहे. ती फांदी खरी असण्याची शक्यता 98 टक्के, असा अर्थ नाही. हा फरक पीएचडीच्या तोंडी परीक्षेत पुष्कळांना सांगता येत नाही. मी परीक्षक म्हणून गेले की हटकून हाच प्रश्न विचारायची, त्यामुळे विद्यार्थ्यांत मी फारशी लोकप्रिय नव्हते.

सुसंगत असून चूक कसं? डीएनएत अक्षरं चारच. दोन जाती फार वेगानं बदलत असतील तर दोघींत एकाच जागी एकच अक्षर निव्वळ योगायोगानं येण्याचे प्रसंग वाढतात, आणि कमीत कमी बदलांचं झाड शोधणारी पद्धत त्या योगायोगाला नातं समजते. फेल्सेनस्टाइन यांनी 1978 मध्ये दाखवून दिलं की अशा वेळी जितका डेटा वाढवाल तितकी ती पद्धत चुकीच्या उत्तराला घट्ट धरून बसते. माझ्या मते या शास्त्रातली ही सर्वांत उपयोगी गोष्ट. फांदीवर 100 दिसले की मी आधी विचारते, पद्धत कोणती, आणि त्यातली कोणती जात फार वेगानं बदलली आहे?

वर सांगितलेली पापलेट-बांगड्याची फांदी बघा. कुळं एकत्र आहेत, हे पक्कं. पण त्यांच्यातलं कोण कोणाच्या अधिक जवळ, हे फार अवघड आहे. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी डायनोसॉर संपले त्याच्या आगेमागे ही कुळं थोड्या अवधीत भराभर फुटली. दोन फुटींच्या मध्ये वेळच नसेल तर त्या वेळात झालेले बदलही मूठभरच, मग खूण राहणार कुठून? इथे आणखी डेटा आला तरी वाद संपेलच असं नाही.

मुलगी लाइफ सायन्समध्ये बी.एस्सी. झाली. उत्क्रांतीत संशोधन करायचं म्हणते. नातेवाईक विचारतात, म्हणजे नक्की काय करणार? पोटापाण्याचं काय? — एक आई, बोरिवली

नातेवाइकांना थांबू द्या, तुम्हाला सांगते. एम.एस्सी., मग नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा किंवा संस्थांच्या आपापल्या प्रवेश परीक्षा, मग पाच-सहा वर्षांची पीएचडी. जेआरएफ, म्हणजे नव्या संशोधकांना मिळणारी फेलोशिप, जानेवारी 2023 पासून महिना 37,000 रुपये आहे. ती वेळेवर येतेच असं नाही, हेही लिहून ठेवा. नंतर बहुतेक जण परदेशी पोस्ट-डॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं ठरावीक मुदतीचं संशोधन, करतात आणि पक्की नोकरी मिळेपर्यंत पस्तिशी येते. हे गोड करून सांगण्यात अर्थ नाही.

मुंबई सोडावीच लागते असं नाही. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) ओबैद सिद्दिकींनी 1962 मध्ये रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग सुरू केला, तेव्हापासून या शहरात जनुकांवर मूलभूत काम चालू आहे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी (बीएनएचएस) 1883 पासून आहे आणि तिच्याकडच्या जुन्या नमुन्यांच्या कपाटांपुढे नवी मुलं आजही तास न् तास बसतात. आणि कोविडनं एक नवा दरवाजा उघडला: डेल्टा, ओमिक्रॉन ही विषाणूच्या वंशवृक्षावरच्या फांद्यांचीच नावं होती. महापालिकेनं 2021 मध्ये कस्तुरबा रुग्णालयात जीनोम सिक्वेन्सिंगची, म्हणजे विषाणूचा सगळा जनुकसंच वाचण्याची, प्रयोगशाळा सुरू केली. अशा ठिकाणी झाड काढता येणारी माणसं लागतात.

एक गोष्ट मुलीलाच विचारा: संख्याशास्त्राची भीती वाटते का? जंगल आवडतं म्हणून या विषयात आलेली मुलं पहिल्या वर्षी आर आणि पायथन या संगणकाच्या भाषांशी झुंजताना पाहिली आहेत. दिवसाचा बराचसा भाग पडद्यापुढे जातो.

माणूस माकडापासून झाला, तर माकडं अजून कशी शिल्लक? — एक वाचक, गिरगाव

तुमचे चुलतभाऊ अजून आहेत ना? त्यांच्यापासून तुम्ही झाला नाहीत, तुमचा आजा एक. चिंपांझीशी आपला सामायिक पूर्वज साधारण 60 ते 70 लाख वर्षांपूर्वीचा. राष्ट्रीय उद्यानातल्या माकडांशी आणखी कितीतरी मागचा.

डीएनए चाचणीचं किट मागवून कुळाचा इतिहास कळतो म्हणतात. गोत्र कळेल का? — एक वाचक, दादर

गोत्र डीएनएत लिहिलेलं नसतं. दहा पिढ्या मागे गेलात तर पूर्वजांच्या जागा 1,024 होतात. मायटोकाँड्रियाची चाचणी त्यातल्या एकीबद्दल बोलते, आईच्या आईच्या आईच्या रेषेतल्या. वाय क्रोमोसोम एका पुरुषाबद्दल, वडिलांच्या वडिलांच्या वडिलांच्या रेषेतल्या. उरलेल्या 1,022 जणांबद्दल दोन्ही गप्प. टक्केवारी देणारी चाचणी बाकी डीएनए बघते, पण त्या कंपनीकडे असलेल्या नमुन्यांशी ताडून. नमुने बदलले की तुमची टक्केवारीही बदलते, पूर्वज तेच असून. करायचीच असेल तर हौस म्हणून करा. मात्र तुमचा डीएनए दिलात म्हणजे सुमारे निम्मा भावंडांचाही दिलात, तेव्हा आधी त्यांना विचारा.

मी अकरावीत आहे. घरी बसून झाड काढता येईल का? — एक विद्यार्थी, कल्याण

येईल, फुकटात. जेनबँक या डीएनए सिक्वेन्सच्या खुल्या ऑनलाइन साठ्यावरून बांगडा, सुरमई, पापलेट, हलवा आणि लेपा यांचा एकच जनुक उतरवून घे, सायटोक्रोम बी चालेल. नावं शास्त्रीय टाक, 'पापलेट' लिहून काही मिळणार नाही. मुळासाठी बाहेरचा पाहुणा हवा, त्याला एखादी मुशी घे. मेगा नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यात सिक्वेन्स आधी एकाखाली एक नीट लावून घे, मग झाड काढ. पुढे मुशी काढून दुसरा लांबचा मासा ठेव आणि झाड बदलतं का बघ. पाठवशील तेव्हा दोन्ही झाडं पाठव आणि जनुक कोणता, पद्धत कोणती हे लिहायला विसरू नकोस. नुसतं चित्र आलं तर मी उत्तर देत नाही.