लॅपटॉप इथून न्यावा की तिथे घ्यावा?

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

परवा तुझ्या बाबांचा फोन आला होता. दसऱ्याचे सेल लागतील तेव्हा तू शिकायला जर्मनीत असशील, म्हणून याच रविवारी नागपुरात बर्डीच्या बाजारात जाऊन लॅपटॉप घेऊन टाकतो म्हणाले. मी त्यांना जरा थांबा म्हटलं. तुला पाठवण्याआधी त्यांना आपल्या हातानं काहीतरी द्यायचं आहे, हे तूही समजून घे. पण माझं मत स्पष्ट आहे. तुझा कॉलेजातला लॅपटॉप चालू होत असेल, तर तोच घेऊन जा आणि नवा तिकडे, नोव्हेंबरच्या शेवटी घे. तो अगदीच गेला असेल तरच इथून नवा ने, आणि तोही व्हिसा हातात पडल्यावर. व्हिसा लांबला आणि तुझा प्रवेश पुढच्या सेमिस्टरवर गेला, तर वॉरंटीचे महिने घरी बसल्या बसल्या संपतील.

सगळे आधी किमतीचं विचारतात. इथे लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी आहे, जर्मनीत १९ टक्के व्हॅट. दोन्हीकडे तो दुकानातल्या किमतीत धरलेलाच असतो, त्यामुळे कराच्या बाबतीत तू कुठेच फार जिंकत नाहीस. विमानतळावर कर परत मिळतो असं कोणीतरी सांगेल. ती सोय युरोपीय संघाबाहेर राहणाऱ्यांसाठी आहे. तू तिथली रहिवासी होणार आहेस, तुला ती लागू नाही. एखादं मॉडेल इथे स्वस्त, एखादं तिथे, एवढाच फरक उरतो.

खरा प्रश्न हा आहे की तुला कोणता लॅपटॉप लागेल हे आज तुला माहीतच नाही. तू मेकॅनिकलची, सिम्युलेशनकडे, म्हणजे यंत्रांची चाचणी संगणकावर करण्याकडे जाणारी. बाबांच्या मनात मॅकबुक आहे. मशीन उत्तम, पण डिझाइनची सॉलिडवर्क्स आणि कॅटिया ही सॉफ्टवेअरं विंडोजवरच चालतात, सिम्युलेशनचं ॲन्सिस विंडोज नाहीतर लिनक्सवर. मॅकवर यातलं काही थेट चालत नाही. याउलट, तुझी मोठी गणितं विद्यापीठाच्या सर्व्हरवर चालणार असतील, तर तुझ्या हातातलं मशीन नुसती खिडकी ठरतं आणि हलकासा साधा लॅपटॉप पुरतो. मग दुकानदार गळ्यात मारतो तो जाडजूड गेमिंग लॅपटॉप, वर विटेएवढा चार्जर, रोज पाठीवर वाहायचा कशाला? विभागात कोणती सॉफ्टवेअरं वापरतात, त्यांचे परवाने विद्यार्थ्यांना कसे मिळतात, लॅबमध्ये मशीन रिकामी असतात का, हे पहिल्या महिन्यात वरच्या वर्गातली मुलं तुला चहा पिता पिता सांगतील. तिथे हिवाळी सेमिस्टरचे वर्ग ऑक्टोबरच्या मध्याला सुरू होतात. म्हणजे नोव्हेंबर संपेपर्यंत तुला नक्की कळलेलं असेल, आणि त्याच सुमारास तिकडच्या दुकानांत ब्लॅक फ्रायडेची सूटही असते.

आता या सल्ल्याची कच्ची बाजू सांगतो, कारण ती तुला कोणी सांगणार नाही. पहिले दोन महिने तुझ्या हातात पैसा नसेल. व्हिसासाठी उघडलेल्या ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दरमहा ठरावीकच रक्कम देणाऱ्या खात्यात, तू ११,९०४ युरो भरलेस, पण महिन्याला मिळणार ९९२. तेही तिथे पत्त्याची नोंदणी करून चालू खातं उघडल्यावर, आणि या कामांच्या तारखा आपल्या हातात नसतात. तोवर खोलीचं डिपॉझिट द्यायचं, जे कायद्यानं मूळ भाड्याच्या तिप्पट असू शकतं. आरोग्य विम्याचा खर्च आहे. शिवाय स्टुटगार्ट ज्या बाडेन-वुर्टेम्बर्गमध्ये आहे, तिथे तुझ्यासारख्या बहुतेक परदेशी विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १,५०० युरो फी पडते. युरो शंभर रुपयांच्या आसपास धर आणि तूच हिशेब कर. त्या ९९२ मधून लॅपटॉप निघणार नाही, त्यातून राहणं-खाणं निघालं तरी खूप.

म्हणून लॅपटॉपचे पैसे आज वेगळे काढायचे आणि फॉरेक्स कार्डवर, म्हणजे परकीय चलन भरून ठेवायच्या कार्डावर ठेवायचे. बाबांना सांग, भेट तुमचीच आहे, फक्त दोन महिने उशिरा घेणार आहे. त्या कार्डाला किराणासाठी हात लावायचा नाही. कोणी सुचवेल की एज्युकेशन लोनमध्ये लॅपटॉप बसतो. अभ्यासाला आवश्यक असेल तर बसतोही, पण शिक्षण चालू असताना त्यावर व्याज चढत राहतं. बाबांकडे रोख असताना ते कशाला?

जुना लॅपटॉप मात्र निघण्याआधी नीट करून घे, आणि इथेच कर. बॅटरी बदल, रॅम वाढव, जुनी हार्ड डिस्क असेल तर एसएसडी टाकून घे. आपल्याकडे हे काम काही हजारांत, एका दुपारी होतं. जर्मनीत कारागिराची मजुरीच परवडत नाही. त्यावर विंडोज १० असेल तर मायक्रोसॉफ्टनं त्याची नेहमीची साथ १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवली आहे. विंडोज ११ चढत नसेल तर लिनक्स टाक, तुझ्या क्षेत्रात ते शिकलेलं वाया जात नाही.

आणि तो मुळात चालूच होत नसेल, तर पहिल्या दिवसापासून मशीनशिवाय बसू नकोस. मग इथून घे, पण निघायच्या किमान महिनाभर आधी, म्हणजे काही खोट असली तर ती नागपुरातच उघडी पडेल. आपल्याकडे सील फोडल्यावर दुकानदार सहसा माल परत घेत नाही. तिकडे ऑनलाइन घेतलेली वस्तू चौदा दिवसांत कारण न सांगता परत करता येते, आणि नव्या वस्तूत मुळातला दोष निघाला तर विक्रेता दोन वर्षं बांधील असतो. हा मला नोव्हेंबरच्या बाजूनं सगळ्यात मोठा मुद्दा वाटतो. इथल्या वॉरंटीबद्दल दुकानदाराच्या तोंडी शब्दावर जाऊ नकोस. 'ऑनसाइट' म्हणजे माणूस घरी येणार, पण बरेचदा ते घर भारतातलंच असावं लागतं. वॉरंटी जर्मनीत चालेल का हे कंपनीकडून मॉडेल सांगून लेखी घे. बिल तुझ्या नावानं, पासपोर्टवर आहे त्याच स्पेलिंगनं, सीरियल नंबरासकट घे आणि बॅगेत ठेव. सीलबंद खोका मात्र नेऊ नकोस. कस्टम्सला ती तुझी वापरातली वस्तू दिसली पाहिजे. लॅपटॉप आणि पॉवर बँक हातातल्या बॅगेत. पॉवर बँक चेक-इन सामानात चालतच नाही.

तिथे घेताना एक गोष्ट विसरू नकोस, कीबोर्ड. जर्मन कीबोर्डवर झेड आणि वायची अदलाबदल असते, आणि महिरपी कंसासाठी ऑल्ट-जीआर ही कळ दाबून सात आणि शून्य दाबावे लागतात. दिवसभर कोड लिहिणाऱ्याला हे बोटांत बसवणं जड जातं. सेटिंग बदलून अक्षरं जागेवर आणता येतात, पण कळांवर छापलेलं वेगळंच राहतं. काही कंपन्या ऑनलाइन ऑर्डर देताना इंग्रजी कीबोर्ड निवडू देतात, तो निवड, चार दिवस उशीर झाला तरी चालेल. चार्जरची चिंता करू नकोस. तिकडेही २३० व्होल्टच वीज आहे, फक्त आपली तीन गोल पिनांची प्लग तिथल्या सॉकेटात जात नाही. चार्जरला लागणारी वायर तिथे थोड्या युरोंत मिळते. प्लगसाठी एक ॲडाप्टर इथून ने, म्हणजे पहिली रात्र निभावेल.

जुन्या लॅपटॉपचा मॉडेल नंबर आणि रॅम किती आहे ते मला आजच कळव. शनिवारी मी मोकळा आहे, बाबांना घेऊन ये. आधी तो उघडून बघू आणि मगच बर्डीवर जायचं की नाही ते ठरवू.

तुझा,
काका