टॉमकॅट ९ की ११?

प्रश्न : कळमन्यातल्या संत्रा अडत्यांसाठी बोली नोंदवणारं आमचं जावा अ‍ॅप टॉमकॅट ९ या सर्व्हरवर नीट चालतं. ऑफिसातली पोरं म्हणतात, टॉमकॅट ११ आणि व्हर्च्युअल थ्रेड (एकाच वेळी हजारो कामं धरणारे जावाचे हलके धागे) घ्या. घ्यावं का?
– एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : घ्या, पण दोन्ही एकदम नको, आणि आंबिया बहाराच्या आवकेत तर मुळीच नको.

व्हर्च्युअल थ्रेड सप्टेंबर २०२३ मध्ये जावा २१ मध्ये पक्के झाले. मी लगेच सीताबर्डीच्या एका ग्राहकाकडे चालू केले. चाचणीत झकास, पण सोमवारच्या गर्दीत सगळं गोठलं. डेटाबेसशी जोडणाऱ्या जुन्या ड्रायव्हरमध्ये जागोजागी ‘सिंक्रोनाइज्ड’, म्हणजे एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप, होतं. त्या आत थांबलेला व्हर्च्युअल थ्रेड खालचा खरा थ्रेड अडवून धरायचा. तो दिवस अजून आठवतो हो, लोक काउंटरवर ताटकळत उभे होते. हा दोष मार्च २०२५ च्या जावा २४ मध्ये दूर झाला. म्हणून थ्रेड हवेच असतील तर जावा २५ वर जा. तेही अ‍ॅपचा वेळ डेटाबेसची वाट बघण्यात जात असेल तरच. नुसत्या हिशेबाला त्यांचा उपयोग नाही.

टॉमकॅटचं दुखणं वेगळं. आवृत्ती १० पासून कोडमधल्या ‘जावाएक्स डॉट सर्व्हलेट’ या नावाचं ‘जकार्ता डॉट सर्व्हलेट’ झालं, त्यामुळे जुनं नाव वापरणाऱ्या लायब्ररी (आयते कोड) अडतात. शिवाय ११ ला किमान जावा १७ लागतं. आधी लायब्ररींची यादी करा. मृग बहार आटोपला की मे महिन्यात हे काम काढा, आणि जुना सर्व्हर महिनाभर तयार ठेवा.