आधी दुपारचा माणूस शोधा, मग कुत्रा

प्रश्न : ताई, आम्ही भुसावळला राहतो. मी जळगावला एमआयडीसीत आहे, रोजचं अप-डाउन, सकाळी साडेआठला निघालो तं यायला सात वाजतात. मिसेस झेडपी शाळेवर, त्यांचंही दहा ते पाच. मुलगा सहावीत, त्याने लॅब्राडोर पाहिजे म्हणून डोकं खाल्लंय. एक मित्र दीड महिन्याचं पिल्लू फुकट देतोय. फ्लॅटची गॅलरी मोठी आहे, दिवसभर तिथे बांधून ठेवलं आणि दूध-पोळी ठेवली तर चालेल का? (एक वाचक, भुसावळ)

उत्तर : भाऊ, गॅलरीचं आधी मिटवून टाकते, नाही चालणार. मे महिन्यात भुसावळचा पारा 45 च्या वर जातो हे मी तुम्हाला काय सांगू, आणि कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, जीभ बाहेर काढून धापा टाकणं हाच त्याचा कूलर. त्यात लॅब्राडोर म्हणजे दुहेरी दाट केसांचा, मुळात थंड मुलखातला. बांधलेला असला तर सावली सरकली तरी त्याला सरकता येत नाही आणि स्टीलच्या भांड्यातलं पाणी दुपारपर्यंत चटका लागेल असं होतं. घरात, फरशीवर, पंख्याखाली, मोकळा, एवढं जमत असेल तरच पुढचं वाचा.

दुसरं म्हणजे दीड महिन्याचं पिल्लू घेऊच नका, मित्राला सांगा निदान आठ आठवडे आईजवळ राहू दे. किती जोरात चावायचं नाही हे पिल्लू आईकडून आणि भावंडांकडूनच शिकतं, नाहीतर तो धडा तुमच्या मुलाच्या हातावर गिरवला जातो.

आता खरा प्रश्न वेळेचा. ढोबळ हिशोब असा की पिल्लू जेवढ्या महिन्यांचं, त्यात एक मिळवा, तेवढे तास ते लघवी धरू शकतं, म्हणजे दोन महिन्यांचं तीन तास फार झाले, आणि खायलाही दिवसातून तीन-चारदा लागतं. मधे कोणीतरी यायलाच पाहिजे. मुलगा शाळेतून लवकर येत असेल तर थोडं तो बघेल, पण सगळं त्या पोरावर टाकू नका. भुसावळमध्ये रेल्वेतून रिटायर झालेले काका गल्लोगल्ली आहेत, त्यातले एखादे कुत्र्याची आवड असलेले शोधा, दुपारी दोन चकरा, आणि हो, पैसे ठरवून द्या, नुसत्या ओळखीवर हे काम चार दिवस चालतं.

मेच्या सुट्टीत आणू असं मिसेस म्हणतील, मी म्हणेन दिवाळीच्या सुट्टीत आणा. शाळा बंद, पुढे थंडी, आणि उन्हाळा लागेपर्यंत पिल्लू मोठं झालेलं असतं. त्या सुट्टीतच एकटं राहायची सवय लावा, चावी घेऊन बाहेर जायचं, दोन मिनिटांत परत यायचं, मग पाच, मग पंधरा, आणि जाताना-येताना लाडाचा तमाशा करायचा नाही. पहिली लस 6 ते 8 आठवड्यांना, पुढचे डोस डॉक्टर देतील तसे, रेबीजची तिसऱ्या महिन्यात. डोस पूर्ण होईपर्यंत रस्त्यावरच्या कुत्र्यांत सोडू नका, पार्व्हो, म्हणजे उलट्या-जुलाबाचा विषाणूचा रोग, झाला तर पिल्लू हातचं जातं.

दूध बऱ्याच कुत्र्यांना पचत नाही, जुलाब होतात. पिल्लाला पिल्लांचंच खाणं द्या, मोठं झालं की उकडलेलं अंडं, चिकन, साधी भाकरी. आपली काळ्या मसाल्याची भाजी, फोडणीचं वरण अजिबात नाही. कांदा-लसूण त्याच्या रक्ताला बाधतं, द्राक्षं आणि मनुकाही नको.

आणि मुलाला एकदा विचारून बघा, लॅब्राडोरच पाहिजे का. वर्ष-दीड वर्षाचं देशी कुत्रं दत्तक घेतलंत तर ते सहा-आठ तास धरू शकतं, केस आखूड, इथल्या उन्हाची सवय. तुमच्या टायमिंगला मला तेच बरं वाटतं, तरी दुपारची एक चक्कर लागणारच.

प्रश्न : मी नर्स आहे, नाइट ड्यूटी असते. मी गेले की आमचा मोती भुंकतो, सोसायटी म्हणते कुत्रा काढा. काढावा लागेल का? (एक वाचक, धुळे)

उत्तर : नाही. सोसायटीने सरसकट कुत्रे पाळायला बंदी घालू नये असं प्राणी कल्याण मंडळाच्या 2015 च्या सूचनांमध्ये आहे. पण शेजाऱ्यांची झोप मोडते हेही खरंच आहे ना. ड्यूटीला जायच्या आधी चांगला तासभर फिरवा, उन्हाळ्यात सूर्य मावळल्यावर, हाताची मागची बाजू डांबरावर पाच-सात सेकंद टेकवून बघा, टेकवत नसेल तर त्याचे पंजेही भाजतील. मग जेवण द्या, रस्त्याकडची खिडकी लावा, रेडिओ हळू चालू ठेवा. तरी महिनाभरात फरक नाही पडला तर मोबाइलवर तो एकटा असतानाचा व्हिडिओ काढून डॉक्टरांना दाखवा, नुसता कंटाळा आहे की घाबरतोय ते त्यावरून कळतं आणि घाबरत असेल तर औषध असतं.