मॉलमधला गाळा अर्ध्या भावात मिळतोय, पण थांबा सर

सर, तुमचा मेल दोनदा वाचला. चोपड्याकडच्या झेडपी शाळेतून 58 व्या वर्षी रिटायर झालात, ग्रॅच्युइटी, जीपीएफ सगळं धरून 30 लाख गेल्या महिन्यात खात्यात आले, आणि मुंबईतला मुलगा म्हणतोय की मुलुंडकडच्या एका जुन्या मॉलमध्ये दुसऱ्या मजल्यावर 240 फुटाचा गाळा 28 लाखात मिळतोय, आधीच्या मालकाने तो 55 ला घेतलेला, भाडं 15 हजार येईल. पेन्शन चालू आहे म्हणून तुम्हालाही घ्यावंसं वाटतंय. माझं स्पष्ट मत, घेऊ नका.

आपल्याकडे गाळा म्हटलं की जळगावचं फुले मार्केट, गोलाणी डोळ्यासमोर येतं, तिथे शेजारच्याचं दुकान बसलं तरी तुमचं शटर उघडतं आणि गिऱ्हाईक रस्त्यावरून येतच राहतं. मॉलमध्ये तसं नसतं. एसी, लिफ्ट, सरकता जिना, सिक्युरिटी सगळं सामाईक, त्यात खालचं मोठं दुकान नाहीतर थिएटर उठलं की गर्दी आटते, मग गाळेवाले मेंटेनन्स थकवतात, मग जिना बंद, एसी बंद, आणि दुसऱ्या मजल्यावर कोणी चढतच नाही. मोठे यशस्वी मॉलवाले बहुतेक दुकानं विकत नाहीत, भाड्यानेच देतात, कारण कुठलं दुकान कुठे बसवायचं हे त्यांना आपल्या हातात ठेवायचं असतं. जिथे गाळे सुटे सुटे विकले तिथे हे ठरवणारं कोणी उरत नाही.

मुलाला त्याच पट्ट्यातली उदाहरणं आठवत असतील. मुलुंडचं निर्मल लाईफस्टाईल 2003 च्या सुमारास जोरात होतं, मग त्याच एलबीएस रोडवर घाटकोपरला 2009 मध्ये आर सिटी आलं, 2013 ला ठाण्यात विवियाना, गर्दी तिकडे सरकली आणि शेवटी निर्मल बंदच झालं. भांडुपच्या ड्रीम्स मॉलमध्ये तर हजाराच्या आसपास गाळे वेगवेगळ्या लोकांना विकलेले, कारभार प्रशासकाकडे गेला, आणि मार्च 2021 च्या आगीत वरच्या हॉस्पिटलमधली माणसं गेली. त्या गाळेवाल्यांमध्ये तुमच्यासारखे रिटायरमेंटचा पैसा लावलेले लोक असणारच, हे माझ्या मनाला खरंच लागतं.

आता हिशोब बघा. 28 लाखावर 6 टक्के स्टॅम्प ड्युटी, वर रजिस्ट्रेशन, म्हणजे सगळे 30 लाख गेले. वर्षाचं भाडं 1 लाख 80 हजार, पण महिन्याला 14 रुपये फुटाने मेंटेनन्सच वर्षाला 40 हजार होतो, प्रॉपर्टी टॅक्स 15 हजार धरा, उरले सव्वा लाख, म्हणजे 4 टक्क्यांच्या आसपास, तेही बारा महिने भाडेकरू टिकला तर. गाळा रिकामा राहिला तर उलट वर्षाला 55 हजार पेन्शनमधून भरायचे.

आणि रेडी रेकनर, म्हणजे त्या जागेचा सरकारी दर, आधी काढा! पडलेल्या मॉलमध्ये सौद्याची किंमत सरकारी दरापेक्षा कमी असू शकते, तेव्हा ड्युटी सरकारी दरावर लागते, आणि फरक 10 टक्क्यांच्या वर गेला तर तो अख्खा फरक तुमचं उत्पन्न धरून टॅक्स लागतो. रेकनर 36 लाख निघाला तर 8 लाख तुमच्या त्या वर्षाच्या कमाईत जातील, हातात एक रुपया न येता.

मुलगा म्हणतो रिडेव्हलपमेंट झालं की सोनं होईल. होऊ शकतं, नाकारत नाही. पण जमिनीचं कन्व्हेयन्स, म्हणजे बिल्डरकडून गाळेवाल्यांच्या नावावर हस्तांतर, झालंय का, शेकडो गाळेवाल्यांची संमती कोण गोळा करणार, आणि तोपर्यंत मेंटेनन्स कोण भरणार, याचं उत्तर त्याने कागदावर आणावं. तितकाच विश्वास असेल तर त्याने स्वतःच्या नावावर, स्वतःच्या कर्जाने घ्यावं, त्याच्याकडे कमवायला वीस-पंचवीस वर्षं आहेत.

तुमच्यासाठी पोस्टातली सिनियर सिटिझन योजना आहे. 60 पूर्ण नसले तरी नियमाने रिटायर झालेल्याला 55 नंतर खातं उघडता येतं, पण पैसे हातात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत, म्हणजे तुमच्याकडे दोनच उरलेत. मर्यादा 30 लाख, तेवढ्यावर 8.2 टक्क्यांनी दर तिमाहीला 61,500, आणि उघडताना असलेला दर पाच वर्षं तोच राहतो. व्याजावर टॅक्स आहे, तरी गाळ्याच्या जवळपास दुप्पट हातात येतं. मी 25 लाख तिथे टाकेन आणि 5 लाख दवाखान्यासाठी बँकेत एफडीत ठेवेन, वहिनींचं नाव जोडून. रिटायरमेंटची ऑर्डर आणि पैसे मिळाल्याचा कागद घेऊन या आठवड्यातच पोस्टात जा, आणि तोपर्यंत टोकन म्हणून मुलाला एक रुपयाही भरू देऊ नका.